तुम्ही विचारलंत म्हणून: जोडलेले कण कायमचे जोडलेले राहतात का?

मी खुल्या क्वांटम प्रणालींवर काम करतो, म्हणजे ज्यांना आजूबाजूच्या जगापासून पूर्ण तोडता येत नाही अशा प्रणालींवर. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "दोन कण एकदा एन्टँगल झाले, म्हणजे त्यांची मोजमापं एकमेकांशी क्वांटम पद्धतीने जुळलेली निघू लागली, की कायमचे जोडलेले राहतात ना?" विचारणाऱ्याला बहुधा 'हो' ऐकायचं असतं. काहींना त्यापुढे टेलिपथीही हवी असते. ती माझ्याकडे मिळणार नाही. उत्तर 'नाही' असं आहे. पण ही जोडणी ज्या तऱ्हेने संपते ती तऱ्हा इतकी चमत्कारिक आहे की नुसतं 'नाही' म्हणून गप्प बसवत नाही.

आधी अंतराचा मुद्दा निकालात काढू. नुसत्या अंतराने जोडणीचं काही बिघडत नाही. २०१७ मध्ये चीनच्या मिशियस उपग्रहाने जोडीतला एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, १२०० किलोमीटरहून जास्त अंतरावरच्या दोन केंद्रांवर पाठवला, आणि तिथल्या मोजमापांनी बेल या भौतिकशास्त्रज्ञाने घालून दिलेली, आधीच ठरलेल्या उत्तरांना ओलांडता न येणारी मर्यादा ओलांडली. म्हणजे फोटॉन आपली उत्तरं निघतानाच ठरवून आले होते, असं म्हणून त्यांच्यातला ताळमेळ समजावता येत नाही.

बिघडतं ते संपर्काने. हवेचा एक रेणू आदळला, उष्णतेचा एक फोटॉन निसटला, चुंबकीय क्षेत्र जरासं थरथरलं, तेवढं पुरतं. दोघांतली गोष्ट षट्कर्णी झाली की गुपित उरत नाही, तसं हे आहे. दोन क्यूबिट, म्हणजे दोनच पातळ्यांच्या क्वांटम प्रणाली, एकमेकांशी पूर्ण जोडलेले असतील तर तिसऱ्या कशाशीही ते जोडलेले असूच शकत नाहीत. तिसऱ्याशी सूत जमू लागलं की आपसातलं तेवढं सैल होतं. परिसरातले असे 'तिसरे' अगणित असतात. संबंध कुठे नाहीसा होत नाही, तो इतक्यांत वाटला जातो की आपल्याला तो पुन्हा गोळा करता येत नाही.

इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे आहे. या गळतीचं गणित करायला १९७६ मध्ये एक समीकरण मिळालं: एकीकडे गोरिनी, कोसाकोव्स्की आणि आपले सुदर्शन, दुसरीकडे स्वतंत्रपणे लिंडब्लाड. त्यात परिसराला स्मरणशक्ती नाही असं धरलेलं असतं. जे गेलं ते गेलं. त्यातून एकट्या अणूची ऊर्जा किरणोत्सर्गी पदार्थासारखी कमी होते, अर्धी, मग पाव, मग त्याच्या निम्मी, पण कधीच पूर्ण शून्य नाही. मग जोडणीही तशीच विरत जाईल, असं कुणालाही वाटेल.

तसं होत नाही. यू आणि एबर्ली यांनी २००४ मध्ये दाखवलं की ती एका ठराविक क्षणी साफ संपू शकते. आकडे घालून बघा, त्याशिवाय मजा कळत नाही.

दोन अणू घ्या, एकमेकांपासून दूर, आपापल्या परीने ऊर्जा सोडणारे. त्यांची जोडीने अशी अवस्था तयार करा की मोजल्यावर दोन्ही उत्तेजित (जास्त ऊर्जेच्या पातळीत) सापडण्याची शक्यता ८० टक्के, दोन्ही शांत (खालच्या पातळीत) सापडण्याची २० टक्के. कन्करन्स नावाच्या मापाने ही जोडणी ०.८ भरते, १ म्हणजे पूर्ण. आता हेच आकडे उलटे करा, २० टक्के उत्तेजित आणि ८० टक्के शांत. जोडणी तेवढीच, ०.८. मग एक अर्धायुष्य, म्हणजे एकट्या अणूची ऊर्जा निम्मी व्हायला लागणारा वेळ, जाऊ द्या. दुसऱ्या जोडीत ०.३ शिल्लक असते आणि पुढेही ती कधी शून्य होत नाही. पहिल्या जोडीत त्याच क्षणी शून्य. जवळपास शून्य नव्हे, शून्यच, आणि नंतरही शून्यच.

कारण गळतीतून पडणाऱ्या कचऱ्यात आहे. दोन्ही उत्तेजित असताना एकाच अणूने फोटॉन सोडला की एक उत्तेजित, एक शांत अशी अवस्था उरते, आणि कोण कुठला याची खबर परिसरात निघून गेलेली असते. पहिल्या जोडीत अर्धायुष्याच्या वेळी या कचऱ्याच्या दोन प्रकारांपैकी (पहिला अणू उत्तेजित किंवा दुसरा) प्रत्येकाची शक्यता ०.२ होते; जोडणी टिकवणारी सुसंगती, म्हणजे 'दोन्ही उत्तेजित' आणि 'दोन्ही शांत' या शक्यतांमधला क्वांटम धागा, तोवर ०.४ वरून ०.२ वर आलेली असते. दोन्ही बरोबरीत आले, जोडणी संपली. दुसऱ्या जोडीत सुसंगती तेवढीच, पण कचरा फक्त ०.०५. रिओ दि जानेरोमधल्या गटाने २००७ मध्ये फोटॉनांवर प्रयोग करून ही दोन्ही वागणी दाखवली.

गंमत म्हणजे शून्य झालेल्या त्या जोडीतही ०.२ सुसंगती शिल्लक असतेच. २००१ मध्ये मांडलेलं क्वांटम डिस्कॉर्ड हे एन्टँगलमेंटपलीकडचे क्वांटम संबंधही मोजणारं माप तिथे शून्य येत नाही. एन्टँगलमेंट गेली म्हणजे दोघांत क्वांटम असं काही उरलंच नाही, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. मात्र डिस्कॉर्डचा प्रत्यक्ष उपयोग किती, यावर जितकं लिहिलं गेलं तितकं हाती लागलं नाही, असं माझं मत.

आणि परिसराला स्मरणशक्ती असेल तर? दोन आरशांमधल्या पोकळीत अणू ठेवला की सोडलेला फोटॉन काही काळ तिथेच घुटमळतो आणि परतही येतो. अशा वेळी मेलेली जोडणी पुन्हा उगवते, पुन्हा मरते. त्याचे आलेख बघायला मला अजूनही आवडतं.

परिसर म्हणजे शत्रूच, हेही खरं नाही. कोपनहेगनला २०११ मध्ये सीझियमच्या वाफेचे दोन ढग अर्ध्या मीटरवर ठेवले, प्रत्येकात सुमारे एक लाख कोटी अणू, तेही खोलीच्या तापमानाला. लेझर आणि चुंबकीय क्षेत्र असं जुळवलं होतं की प्रकाश गळत गळत ढग ज्या अवस्थेला येऊन टेकतील तीच जोडलेली निघावी. एरवी जोडणी मोडणारी गळती इथे ती घडवत होती. नुसत्या गळतीवर ती ०.०४ सेकंद टिकली. जोडीला सतत मोजमाप चालू ठेवल्यावर ती तासभरापर्यंत दिसत राहिली.