कार्बामॅझेपीन, ॲसिटोन आणि पाणी: स्फटिकांची रचना सोडवतानाचा माझा अनुभव

प्रकल्पासाठी माझ्या वाट्याला कार्बामॅझेपीन आलं, फिट्सवर दिलं जाणारं जुनं औषध. वेगवेगळ्या द्रावकांतून त्याचे स्फटिक वाढवायचे आणि द्रावक आत शिरतो का, शिरला तर नेमका कुठे बसतो, हे क्ष-किरणांनी बघायचं, एवढंच काम.

सुरुवात ॲसिटोनपासून केली. कोमट ॲसिटोनमध्ये पूड विरघळवली, गाळली, बाटलीच्या तोंडाला पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणासारखी पट्टी) लावून सुईने भोकं पाडली आणि फ्रिजमध्ये ठेवून दिली. तळाशी लख्ख पारदर्शक स्फटिक आले. लॅबमधली सीनियर ताई म्हणाली, "एक बाहेर काढून काचपट्टीवर ठेव आणि नुसतं बघत बस." सूक्ष्मदर्शकाखाली आधी एक कड धूसर झाली, मग बारीक तडे आत सरकत गेले आणि बघता बघता अख्खा स्फटिक पांढराफटक पडला. आकार होता तसाच, पण सुईचं टोक लावताच त्याचं पीठ झालं. आतलं ॲसिटोन निघून गेलं होतं आणि त्याच्या आधारावर उभी असलेली मांडणीही मोडली होती.

म्हणून क्ष-किरणांसाठी स्फटिक कोरडा होऊच द्यायचा नाही. बाटलीतल्या द्रावासकट उचलायचा, थेट पॅराटोन तेलाच्या थेंबात टाकायचा, तेलातच नायलॉनच्या फासात धरायचा आणि 100 केल्विनच्या (सुमारे उणे 173 अंश सेल्सियसच्या) थंड नायट्रोजनच्या झोतात बसवायचा. ही हातघाई एकदा अंगवळणी पडली की पुढचं मोजमाप यंत्रच करतं.

खरी मजा रचना सोडवताना आली. कार्बामॅझेपीनचे सगळे अणू जागेवर बसवले, तरी इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात (यातलं एकेक शिखर म्हणजे एकेक अणू) चार शिखरं उरली: मध्ये एक, भोवती तीन, वाय अक्षराच्या आकारात, एका पातळीत. ॲसिटोनचे तीन कार्बन आणि एक ऑक्सिजन! तो ऑक्सिजन औषधाच्या अमाइड गटातल्या (रेणूचं कार्बन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेलं टोक) नायट्रोजनपासून जवळपास 3 अँग्स्ट्रॉमवर (अँग्स्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) होता, म्हणजे सरळ सरळ हायड्रोजन बंध, हायड्रोजनमार्फत दोन रेणूंना धरून ठेवणारं आकर्षण.

ॲसिटोन तिथेच का बसतं, याचं उत्तर अमाइड गटात आहे. कार्बामॅझेपीनचे दोन रेणू समोरासमोर येतात आणि अमाइडच्या दोन हायड्रोजन बंधांनी त्यांची जोडी जमते. पण अमाइडच्या नायट्रोजनवर दोन हायड्रोजन असतात. जोडीत एकेक वापरला जातो, दुसरा बाहेरच्या बाजूला मोकळा राहतो. रेणूत दुसरा ऑक्सिजन नाही, आणि जो आहे तो जोडी बांधण्यात गुंतलेला. ॲसिटोनचा ऑक्सिजन नेमका त्या मोकळ्या हायड्रोजनला धरतो. डीएमएसओ हा दुसरा द्रावकसुद्धा याच जागी येतो. हैदराबाद विद्यापीठात अश्विनी नांगिया आणि गौतम देसीराजू यांनी 1999 साली केंब्रिजच्या स्फटिक-रचना संग्रहावरून हेच दाखवलं होतं, की एकाच वेळी अनेक ठिकाणी हायड्रोजन बंध करू शकणारे डीएमएफ, डीएमएसओ, डायॉक्सेन यांसारखे द्रावक स्फटिकात टिकून राहण्याची शक्यता जास्त. मला ती मांडणी फार आवडते, कारण ती द्रावकाला घाण समजत नाही.

घाण आणि घटक यांतला फरक वजनावरूनही कळतो. औषधात उरलेल्या ॲसिटोनची नेहमीची मर्यादा 5000 पीपीएम (दहा लाख भागांत 5000), म्हणजे 0.5 टक्के. एका रेणूमागे एक ॲसिटोन धरलं तर हिशोब 19.7 टक्क्यांवर जातो. टीजीएमध्ये, म्हणजे नमुना तापवत त्याचं घटतं वजन मोजणाऱ्या चाचणीत, वजनाची पायरी तिथेच उतरली. मात्र टीजीए किती गेलं ते सांगतं, काय गेलं ते सांगत नाही. म्हणून ताजे स्फटिक ड्युटरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून एनएमआर घेतला, म्हणजे रेणूतल्या वेगवेगळ्या हायड्रोजनचे संकेत मोजले. ॲसिटोनचे सहा हायड्रोजन 2.17 वर आणि औषधाच्या दुहेरी बंधावरचे दोन 6.9 च्या आसपास, त्यांचं प्रमाण तीनास एक. मग शंका उरली नाही.

पाण्याचं प्रकरण वेगळं. पाणी हायड्रोजन देतंही आणि घेतंही, त्यामुळे ते मोकळ्या हायड्रोजनपाशी थांबत नाही. इथे एका रेणूमागे दोन पाणी बसतात, वजनाने 13.2 टक्के. निर्जल पूड पाण्यात ढवळत ठेवली आणि मधूनमधून थेंब काढून पाहिले, तर जाडसर दाणे झिजताना आणि त्यांच्या जागी लांब, केसासारख्या सुया वाढताना दिसल्या. या दोन पाण्यांचा परिणाम रुग्णापर्यंत पोचतो. डायहायड्रेट, म्हणजे हा दोन पाण्यांचा स्फटिक, निर्जल रूपापेक्षा पाण्यात कमी विरघळतो. दमट जागी ठेवलेल्या कार्बामॅझेपीनच्या गोळ्या कडक होतात आणि त्यांचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत घटू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 1990 च्या सुमारास दिला होता. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, फिट्सच्या गोळ्या न्हाणीघरातल्या फळीवर किंवा उघड्या डबीत अजिबात ठेवू नयेत. पाकिटातून काढायची ती त्या वेळची गोळी, बाकीच्या पाकिटातच राहू द्याव्यात.