तुरीचं पोट

शुक्रवार, पहाटे 4

झोप येणार नाही, म्हणून लिहायला बसले. कोठ्यातला, म्हणजे गुरांच्या गोठ्यातला बल्ब चालूच ठेवला आहे. तुरी, आम्ही आणलेलं कुत्रीचं पिलू, बारदान्यावर मुटकुळं करून पडली आहे. रात्री दहापासून पाच वेळा पातळ झालं. पहिल्या दोन वेळी पिवळट, मग नुसतं पाणी, आणि आत्ता फेसाबरोबर शेवयांसारखं पांढरं काहीतरी. रक्त नाही. टॉर्च मारून तीनदा पाहिलं. नाही.

मागच्या उन्हाळ्यात शेजारी दोन महिन्यांचं काळंभोर पिलू होतं. सकाळी ओकलं, दुपारी रक्ताची हगवण लागली, तो वास अख्ख्या गल्लीत. तिसऱ्या दिवशी गेलं. आमचा पोरगा रोज त्याच्याशी खेळायचा. पुढे पंधरा दिवस तो शाळेत त्या घरावरून गेला नाही, मागच्या बोळातून जायचा. तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, आपल्या घरी पिलू नको.

आणि या सोमवारी आणलंच. कापूस वेचायला गेलो होतो. धुऱ्याजवळ तुरीच्या तासात कुईकुई ऐकू आली. तिथल्या कुत्रीला आठवड्याआधी रस्त्यावर गाडीनं उडवलं होतं, ते माहीत होतं. तिची दोन नर पिलं लोकांनी नेली. ही मादी, म्हणून राहिली. मादी कोणी नेत नाही, आमच्याकडची ही जुनी गोष्ट आहे. पोरानं तिला उचललं आणि तिथंच नाव ठेवलं, तुरी.

दुधाचे सगळे दात आलेले आहेत, म्हणजे सहा-सात आठवड्यांची असेल. फासळ्या मोजता येतात आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. मला वाटलं, भरलंय.

पुन्हा उठली. थांबते.

शुक्रवार, रात्री

उजाडल्यावर सासूबाई कोठ्यात आल्या. पाहिलं आणि म्हणाल्या, "जायफळ उगाळून चाटव वं तिले. ह्याले लहानपणी मी तेच देत होती." ह्यांनी तोवर गावातल्या मेडिकलमधून माणसांची हगवण थांबवायची गोळी आणली होती. तिथल्या माणसानं सांगितलं म्हणे, अर्धी द्या. गोळी माझ्या हातात होती, सहाणही समोर होती. पण दोन्हीतलं काही द्यायचा धीर होईना. नऊ किलोमीटरवर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. "गाडी काढा," एवढंच म्हटलं.

निघताना एक काम केलं ते बरं झालं. बामची रिकामी डबी घासून धुतली आणि त्यात तिच्या संडासचा नमुना घेतला. पदरात पिलू, मुठीत डबी. वाटेत दोन्हीकडच्या पऱ्हाट्या फुटून पांढऱ्या झालेल्या, पण आज तिकडे लक्षच नव्हतं. तिचं नाक माझ्या मनगटाला लागलं होतं, आणि मी सगळा रस्ता तिचा श्वास मोजत होते.

डॉक्टरांच्या दारात दोन बैल आणि एक गाभण म्हैस. आमचा नंबर तासाभरानं आला. औषधाच्या आधी त्यांनी विचारलं, "चार दिवसांत काय काय खाऊ घातलं? सगळं सांगा, लपवू नका."

सांगायला लागले तेव्हा माझं मलाच ऐकवेना. सकाळ-संध्याकाळ वाटीभर म्हशीचं दूध, साय घातलेलं. दुधात बिस्किटं. बुधवारी वरण-पोळी, कांद्या-लसणाच्या फोडणीचं. पोरानं शेव दिली होती. ती उपाशी दिसत होती आणि ताट चाटून-पुसून खात होती, म्हणून मी वाढत गेले. सासूबाईंनीही म्हटलं होतं, लेकरू भुकेलं हाय, दूध कायले तोडतं?

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, कुत्रीच्या दुधात साखर कमी असते, गाई-म्हशीच्या दुधात जास्त. पिलू आईपासून सुटलं की ती साखर पचवायची ताकद कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, आंबते, आणि मग फेस, गॅस, हगवण. त्यात म्हशीच्या दुधाची चरबी. कांदा-लसूण तर कुत्र्याच्या रक्तालाच बाधतो, पोट बरं झालं तरी तो कधीच नको. मी मान खाली घालून ऐकत होते. ज्या वाटीनं मी तिला जीव लावत होते, तीच तिला भोवली होती.

मग पुढचा प्रश्न, आणि त्यानं पोटात गोळाच आला. "ढेपीचं पोतं कुठे असतं? फवारणीचा पंप?" दोन्ही कोठ्यातच. तिच्या बारदान्यापासून चार हातांवर. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून पंप घरात आणायचा नाही एवढं आम्ही पाळतो. कोठ्यात आता एक तोंड घालणारं लेकरू आहे, हे डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत उजेड मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या नाहीत, लाळ गळत नाही, अंग थरथरत नाही, म्हणजे ते नाही. ढेप सरकीची, आणि सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, तेही कुत्र्याला चालत नाही, ढेप उंचावर ठेवा म्हणाले.

वजन 2 किलो 100 ग्रॅम. ताप 102, कुत्र्याचं अंग 101 ते 102.5 असतंच, तेव्हा तो ताप नव्हेच. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच बसायला हवी, हिची सावकाश बसली. हिरड्या गुलाबी, पण बोटाला चिकट लागल्या. पाणी कमी पडलंय, पण हाताबाहेर नाही. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, तर खांद्यावर गोऱ्ह्यासारखं वशिंड आलं. मी घाबरले. "संध्याकाळपर्यंत जिरेल," म्हणाले, आणि जिरलं.

डबीतल्या शेवया म्हणजे जंत. ते पिलाला आईच्या पोटातच लागतात, दुधातूनही येतात. खरं तर दोन आठवड्यांची झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध पडायला हवं होतं. नगाऱ्यासारखं पोट भरलेलं नव्हतं, जंतांनी फुगलेलं होतं. औषध वजनावर मोजून तिथंच पाजलं, दुसरा डोस पंधरा दिवसांनी.

शेवटी मी विचारलंच, ते रक्ताचं तर नाही ना? त्यांना कळलं. पार्वो म्हणतात त्याला. आत्ता तशी लक्षणं नाहीत, पण लागण झाल्यावर तो बहुतेक आठवडाभरात कधीही डोकं वर काढतो, म्हणून आठ-दहा दिवस नजर ठेवा. रक्त दिसलं, पाणीसुद्धा पोटात ठरेना, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा मान टाकली, तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

जायफळाचंही विचारलं. नको म्हणाले. माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत, हगवणीची नको आणि तापाची तर नकोच, पॅरासिटामॉल नि आयबुप्रोफेननं कुत्री मरू शकतात. ती गोळी मी परत येताना पुलावर पर्समधून काढली, पाहिली आणि घरी आणून उकिरड्यात खोल पुरली.

शनिवार

आशाताईंकडून ओआरएसची पुडी आणली. एका पुडीला 1 लिटर पाणी, पूर्ण. पिलू लहान आहे म्हणून ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी घातली तर क्षार जास्त होऊन उलटंच होतं. सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं, दर पंधरा मिनिटांनी 5 मिली. सरळ घशात सोडलं की ठसका लागतो, हे पहिल्याच खेपेला कळलं. रात्री 3 पर्यंत ह्यांनी आणि मी पाळीपाळीनं पाजलं.

खायला तांदळाची पातळ पेज, मीठ नाही, तेल नाही, दर तीन तासांनी दोन चमचे. मोठ्या कुत्र्याला एक दिवस लंघन चालतं, एवढ्याशा जिवाच्या रक्तातली साखर उतरते, म्हणून उपास नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नुसत्या पेजेवरही ठेवू नका, म्हणाले, उकडलेलं अंडं किंवा कोंबडीचं मऊ मांस कुस्करून द्या. इथे माझं अडलं.

सासूबाई माळकरी. या घरात मी आल्यापासून अंडं शिजलेलं नाही. त्यांना न सांगता करायचं मनाला पटेना, आणि सांगायला तोंड उघडेना. दुपारी त्या तांदूळ निवडत होत्या, तिथं जाऊन बसले आणि डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग उठल्या, कोठ्यात गेल्या, तुरीच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं शेपटी जेमतेम हलवली.

"तीन दगडं मांड कोठ्यामागं," त्या म्हणाल्या. "डालड्याचा जुना डबा हाय, त्यात उकड. घरातलं भांडं नको. आन् हात धुऊन घरात ये."

दगड मी आणायला गेले, तोवर त्यांनी पऱ्हाटीच्या काड्यांची मोळी तिथं आणून टाकली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना दिसू नये म्हणून फुंकणी घेऊन वाकले.

अर्धं अंडं, दोन चमचे भात. खाल्लं. ठरलं.

रविवार

आज बाजार. गेले नाही. तीन वेळाच झालं, शेणासारखं पातळ. त्यात जंत पडले, लांब लांब, मेलेले. पोराला शिसारी आली, तरी तो कागद घेऊन उभा होता. त्याला सांगून ठेवलंय, तिला हात लावला की साबणानं हात धुवायचे आणि तिची घाण रोजच्या रोज उचलायची. या जंतांची अंडी मातीत दोन-तीन आठवड्यांत पिकतात आणि मग पोराबाळांनाही लागतात. आमच्या गल्लीतली सगळी पोरं मातीतच खेळतात.

पंप आता मळ्यातल्या खोलीत कुलपात. ढेप माळ्यावर.

सोमवार

रात्री थंडी फार पडली. पिलाचं अंग आजारात लवकर गार होतं, आणि गार पडलेल्या पिलाला खायला घालायचं नसतं, आधी ऊब द्यायची. बाटलीत कोमट पाणी भरून, जुन्या धोतरात गुंडाळून तिच्या पोटाशी ठेवलं. सकाळी पाहिलं तर बाटली बाजूला आणि ती सासूबाईंच्या घोंगडीवर. घोंगडी तिथं कशी आली, मी विचारलं नाही.

मंगळवार

कोठा धुतला. मी फिनेल आणायला सांगत होते, पण पार्वोच्या विषाणूला फिनेलचं काही वाटत नाही, त्याला क्लोरीनच लागतं. ग्रामपंचायतीचा पाणीवाला विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, त्याच्याकडून थोडी मागून आणली. पण शेण-मातीवर क्लोरीनचा जोर चालत नाही. म्हणून हे आणि मी आधी वरचा वीतभर थर खरवडून काढला, फरशीचे तुकडे टाकले, मग पावडरीचं पाणी मारलं. तुरी तेवढा वेळ अंगणात. शेजारचं पिलू जिथं लोळायचं तो कोपरा आमच्या कुंपणाला लागून आहे. हा विषाणू सावलीतल्या ओल्या मातीत वर्षभरही टिकतो म्हणे. तिथं काट्याची फांदी लावली.

पोरगा विचारत होता, "आई, तुरीले आता काही होणार नाही ना वं?" हो म्हणून मोकळं होता आलं असतं. मी म्हटलं, अजून चार दिवस पाहू, मग सांगते. त्यानं मान हलवली आणि तिच्याजवळ पुस्तक घेऊन बसला.

गुरुवार

सासूबाईंचा गजानन महाराजांचा उपास. तरी पेज त्यांनीच केली. आता पेज घट्ट झालीय, त्यात उकडलेला लाल भोपळाही पडतो. सकाळी तुरीनं पहिल्यांदा घट्ट, आकाराची संडास केली. सासूबाईंनी मला चुलीवरून हाक मारून बोलावलं ते पाहायला. आम्ही दोघी तिथं उभ्या राहून हसलो, आणि मग त्या एकदम गप्प होऊन देवघरात गेल्या.

शनिवार, रात्री

वजन 2 किलो 350. रेशन दुकानाच्या काट्यावर पोरानं करून आणलं. पोट उतरलंय, फासळ्यांवर थोडी कातडी चढली आहे. रक्त दिसलं नाही, एकदाही नाही.

दुपारी डॉक्टरांना फोन केला. आजारी पिलाला लस देत नाहीत, आता ती धडधाकट आहे, तेव्हा द्यायला हरकत नाही. पहिली आत्ता, मग दर तीन-चार आठवड्यांनी, ती चार महिन्यांची होईपर्यंत. एक टोचली की झालं असं नसतं, कारण आईकडून आलेली ताकद पिलाच्या अंगात असते तोवर लस नीट लागू पडत नाही, आणि ती कधी संपेल हे बाहेरून कळत नाही. रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. सरकारी दवाखान्यात लाळ्या-खुरकताची लस होती, कुत्र्याची नव्हती. ती तालुक्याहून आणायची, आणि 2 ते 8 अंशांत, बर्फ घालून. गरम झाली की पाण्याइतकीच कामाची.

शेजारून थर्मास मागून आणला. ज्यांचं पिलू गेलं, त्यांच्याचकडून. त्या बाईनं थर्मास धुऊन, आतून पुसून दिला. दारात थोडी थांबली आणि म्हणाली, "टोचून आन वं. आमच्यानं नाई झालं."

हे सोमवारी सकाळच्या काळीपिवळीनं जातील. कॅलेंडरवर पोरानं लाल पेनानं दोन गोल केले आहेत, एक लसीचा आणि एक जंताच्या दुसऱ्या डोसचा. तुरी आत्ता उंबऱ्यात आडवी पडून चुलीकडं बघते आहे. दूध तापतंय, त्याचा वास तिला येतो. मी वर झाकण ठेवलं आणि तिच्या वाटीत पेज वाढली.