आमच्या बाजूने की त्याच्या?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मानसिक आरोग्याचा कायदा त्याच्या बाजूने आहे. ज्याला तुम्ही ॲडमिट करायला घेऊन आलात, त्याच्या. तुम्ही आई असा, भाऊ असा, बायको असा, कायद्यात तुम्हालाही जागा आहे, पण त्याच्यानंतर.

मी मनोविकार विभागात सोशल वर्कर आहे. डॉक्टर औषध लिहितात, सिस्टर देतात आणि उरलेलं सगळं माझ्या टेबलावर येतं: फॉर्म, विमा कंपनीची पत्रं, रडारड आणि हा प्रश्न. ‘मॅडम, हा कायदा आमच्या बाजूने आहे की पेशंटच्या?’ विचारणाऱ्याला बहुधा नुकतंच कळलेलं असतं की पेशंट ‘नाही’ म्हणतोय तोवर नुसत्या घरच्यांच्या सहीवर त्याला आत घेता येणार नाही. माणूस रात्रभर जागा असतो, मेटाकुटीला आलेला असतो. त्याच्यापुढे कलमं वाचून काय होणार? तेव्हा मी जेवढ्यास तेवढं बोलते. इथे सविस्तर लिहिते.

आपल्याकडे आधी १९१२चा ल्युनसी ॲक्ट, म्हणजे वेड्यांविषयीचा कायदा होता. असा माणूस मोकळा फिरू नये, याचीच त्याला सगळी काळजी. १९८७चा कायदा त्यामानाने सुधारलेला, तरी त्यातही नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले यांवर माणसाला ९० दिवसांपर्यंत ठेवता येत असे. २००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि त्याच्याशी मेळ बसवायचा तर जुना कायदा पुरेना. त्यातून मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ आला, २०१८पासून लागू झाला.

आता स्वतःहून भरती झालेल्या माणसाने ‘मला जायचंय’ म्हटलं की त्याला सोडावं लागतं. फार तर, धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं, तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. इच्छेविरुद्ध भरती करायची तर अटी आहेत: त्याने अलीकडे स्वतःला इजा करायची धमकी दिली असेल किंवा तसा प्रयत्न केला असेल, दुसऱ्याच्या अंगावर गेला असेल किंवा दुसऱ्याला तशी भीती घातली असेल, नाहीतर स्वतःची इतकीही काळजी घेता येत नसेल की त्यातून त्याला इजा व्हायचा धोका असावा. दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत ३० दिवस. आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला, म्हणजे अशा भरत्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी मंडळाला कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत, इतरांबाबत सात दिवसांत. पेशंटला वाटलं तर तो मंडळाकडे दादही मागू शकतो.

हे ऐकलं की घरच्यांचा चेहरा पडतो. साहजिक आहे. पण इतकी वर्षं या टेबलावर बसून माझं एक मत पक्कं झालंय. कायद्याने माणसाच्या तब्येतीवर काय परिणाम होतो हे बघायचं असेल तर कोर्टात जाऊ नका. माणूस पहिल्यांदा डॉक्टरकडे कधी येतो आणि आल्यावर किती खरं बोलतो, ते बघा. ‘आत गेलो तर परत सोडणार नाहीत’ अशी ज्याच्या मनात धास्ती आहे, तो कानात येणारे आवाज लपवतो. झोप येते, भूक लागते, सगळं छान आहे, असं सांगतो. घरचे फसवून घेऊन आलेले असतील, ‘शुगर तपासायला जाऊ’ म्हणून, तर पुढे कित्येक वर्षं तो कुठल्याच दवाखान्याची पायरी चढत नाही. मग आजार जुना होतो, आणि जुना आजार औषधाला दाद द्यायला वेळ लावतो.

तिशीतला एक मुलगा आठवतो. भरतीचा फॉर्म पुढे ठेवल्यावर तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता: ‘उद्या जातो म्हणालो तर सोडाल?’ मी डिस्चार्जचा नियम दाखवला. त्याने बोट ठेवून तो वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, मग त्या २४ तासांवर माझ्याशी वाद घातला, आणि सही केली. पुढे तो उपचार पुरे होईपर्यंत राहिला. वॉर्डात गेल्यावर जायचं नावही काढलं नाही त्याने. सगळेच असे वागत नाहीत, काही जण खरोखर दुसऱ्या दिवशी पिशवी भरतात. पण जे राहतात ते स्वतः ठरवून राहतात, आणि त्यांच्या फॉलोअपच्या तारखा सहसा चुकत नाहीत.

कायद्यातली मला सर्वांत आवडणारी सोय अगदी साधी आहे. आपण बरे असताना, आपला प्रतिनिधी कोण हे लिहून ठेवायचं. कोरा कागद चालतो, खाली सही किंवा अंगठा. नाव नातेवाइकाचंच हवं असं नाही, तयार असलेली कुणीही सज्ञान व्यक्ती चालते. पुढे आजाराने डोकं चालेनासं झालं की निर्णयात त्या व्यक्तीची साथ घ्यायची. एका बाईंनी नवऱ्यादेखत मामेबहिणीचं नाव लिहिलं. नवरा म्हणाला, ‘अगं, मी आहे ना!’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही घाबरता. घाबरलात की ओरडता.’ तो गप्प बसला. भांडण नव्हतं त्यात, नुसती माहिती होती, आणि बरोबर होती.

त्याच बाईंनी आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे नकोत, हेही लिहून ठेवलं. कायद्यात याला आगाऊ निर्देश म्हणतात. लोकांना वाटतं, वकिली भाषेत काहीतरी भारदस्त लिहावं लागत असेल. त्यांचा मजकूर असा होता: ‘माझे हात बांधू नका. इंजेक्शन द्यायचं तर आधी सांगा, मागून देऊ नका. मागच्या वेळी ज्या गोळीने जीभ जड झाली ती नको. फोन बहिणीकडे द्या, सासरी कुणाला कळवू नका.’ हा मजकूर मंडळाकडे नोंदवावा लागतो, आणि तातडीच्या वेळी तो बाजूला ठेवता येतो, ही त्यातली मेख. तरी यातलं प्रत्येक वाक्य आधीच्या भरतीत सोसलेलं आहे, हे वाचणाऱ्या डॉक्टरला कळतंच.

बांधण्यावरून आठवलं. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका जागी ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली आणि साखळदंडाने जखडलेले पंचवीसहून जास्त मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. आता साखळीने बांधायला कायद्याने साफ बंदी आहे. भूल दिल्याशिवाय शॉक देता येत नाही. तात्काळ इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, थोडा वेळ आवरून धरता येतं. आणि ‘स्टाफ कमी आहे’ हे त्याचं कारण होऊ शकत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. कायदा लिहिताना कुणीतरी रात्रपाळीचा वॉर्ड नक्की बघितला असणार.

आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलही थोडं. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९प्रमाणे तो गुन्हा होता, वर्षापर्यंत कैद. त्यामुळे कॅज्युअल्टीत हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘चुकून झालं हो’. चुकून झालं म्हटल्यावर जखमेवर उपचार होणार, मनावर कोण करणार? २०१७च्या कायद्याने सांगितलं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं कलमच नाही. तरी ‘चुकून झालं’ अजून ऐकू येतं. पोलिसांची भीती कमी झाली असेल, शेजाऱ्यांची आहेच. (आज रात्रीच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो.)

विमा आणि ‘शिक्का’ हे दोन प्रश्न झटपट उरकते. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा, असं कायद्यात आहे, आणि नाकारला तर भांडता येतं. भांडावं लागतं, हे वेगळं. आणि पूर्वी कधी उपचार घेतले किंवा भरती होता, एवढ्यावरून आज कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. स्थळ बघायला आलेल्यांना हे कोण सांगणार, ते मला विचारू नका.

आता तुमची बाजू. ती आहे, आणि कायद्याने ती अर्धवट सोडली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कुणावर हात उगारत नाही, मरायचं म्हणत नाही, दोन घास खातो, पण वर्षभर खोलीचं दार लावून बसलाय, नोकरी गेली, औषध नको म्हणतो: अशा मुलाचे आईवडील माझ्यासमोर बसतात तेव्हा माझ्याकडे द्यायला कलम नसतं. तो कुठल्याच अटीत बसत नाही. आईवडील म्हणतात, ‘म्हणजे त्याने काही करेपर्यंत वाट बघायची का?’ यावर कायद्याचं उत्तर असं की घराजवळ सेवा असेल, डॉक्टर किंवा कार्यकर्ता घरी येईल, कुटुंबाला आधार मिळेल. हेही हक्क म्हणून लिहिलेलं आहे. पण राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५–१६मध्ये, बहुतेक आजारांत दहापैकी सातहून जास्त लोक उपचारांविना आढळले होते. पुनरावलोकन मंडळं बसवायलाच अनेक राज्यांनी वर्षं घालवली. घरच्यांनी स्वीकारलं नाही म्हणून कुणाला रुग्णालयात अडकवून ठेवायचं नाही, असाही नियम आहे, उत्तम नियम आहे. पण बाहेर राहायला निवारे हवेत ना! ते नाहीत म्हणून बरी झालेली माणसं आतच म्हातारी होतात. कायद्याने बळजबरी काढून घेतली हे योग्यच झालं. तिच्या जागी जे यायचं होतं ते पुरेसं आलं नाही, आणि त्याचा भार तुमच्या घरावर पडला.

म्हणून जुना कायदा परत आणा, असं मला अजिबात वाटत नाही. जबरदस्तीने आत टाकलेल्या माणसाचा घरच्यांवरचा विश्वास उडतो, आणि शेवटी त्याला परत यायचं असतं ते तुमच्याच घरी.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, तो त्या बंद खोलीत असला तरी तुम्ही एकटे आमच्याकडे या. पेशंटला आणलंच पाहिजे असं नाही. त्याच्याशी काय बोलायचं, काय टाळायचं, कुठल्या खुणा दिसल्या की थांबायचं नाही, एवढं तरी घेऊन जा. आणि कधी तो बरा असेल, जरा मोकळा असेल, तेव्हा एक कोरा कागद पुढे ठेवा आणि विचारा: परत असं झालं तर तुझ्या वतीने कुणी बोलावं? त्यावर तुमचं नाव आलं नाही तर रागावू नका. निदान त्याच्यासमोर तरी.