किताब एकीकडे, रक्त दुसरीकडे

1941 सालच्या जानेवारीत नैरोबीबाहेरच्या एका रस्त्यावर, आपल्याच मोटारीत, जॉस्लिन हेय नावाचा माणूस मरून पडलेला सापडला. गोळी घातली होती. हा 22वा अर्ल ऑफ एरल. सर जॉक डेल्व्ज ब्रॉटन यांच्यावर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. खून कोणी केला यावर आजही लोक रात्र जागवतात. मला त्या प्रश्नात फारसा रस नाही. तो फौजदारीवाल्यांचा प्रांत. मी दिवाणीचा माणूस, सगळी वकिली वारसाच्या दाव्यांत गेली. त्यामुळे मी पहिली चौकशी केली ती अशी: वारस कोण?

तर मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी होती, डायना. नुकतीच पंधरा वर्षांची झालेली. आणि भाऊ होता, गिल्बर्ट. मयताच्या नावावर दोन मोठे किताब: एरलची अर्लकी, पंधराव्या शतकातली, स्कॉटलंडची; आणि किल्मार्नकची बॅरनी, 1831 सालची, युनायटेड किंग्डमची. माणूस एकच, मृत्यूही एकच. पण अर्लकी मुलीकडे गेली आणि बॅरनी भावाकडे. कारण पहिल्या किताबाला मुलगी चालत होती, दुसऱ्याला फक्त पुरुषवंश. डायना 23वी काउंटेस ऑफ एरल झाली आणि सोबतीला स्कॉटलंडची लॉर्ड हाय कॉन्स्टेबलही. हे पद रॉबर्ट द ब्रूसनं 1314 साली, बॅनकबर्नची लढाई जिंकल्यावर, हेय घराण्याला वंशपरंपरागत दिलेलं आहे. गिल्बर्ट किल्मार्नक झाला आणि त्यानं चक्क आडनाव बदललं. हेयचा बॉइड झाला.

हा बॉइड कुठून आला? ही वंशावळ माझ्या हाती लागली तेव्हा मी तिथंच अडकलो आणि अजून सुटलेलो नाही.

त्यासाठी 1746 साली जायला हवं. कलोडनच्या लढाईत जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचा, पाडाव झाला, त्यांच्या बाजूनं लढलेला विल्यम बॉइड, चौथा अर्ल ऑफ किल्मार्नक, पकडला गेला आणि 18 ऑगस्टला लंडनच्या टॉवर हिलवर त्याचं डोकं उडवलं. किताब जप्त. गंमत म्हणजे त्याचा थोरला मुलगा जेम्स त्याच लढाईत समोरच्या, सरकारी फौजेत होता. बाप एकीकडे, मुलगा दुसरीकडे. त्या काळी काही घराणी हे मुद्दाम करत, कोणीही जिंको, मिळकत घरात राहावी म्हणून. इथं ठरवून केलं होतं का, याच्या भानगडीत मी पडत नाही.

आता जेम्सच्या आईकडे वळू. तिची आई हेय घराण्यातली. त्या आजीची बहीण मेरी हेय ही 1717 साली भावामागे स्वतःच्या हक्कानं 14वी काउंटेस ऑफ एरल झालेली. तिला मूल नाही. 1758 साली ती गेली तेव्हा अर्लकी बहिणीच्या नातवाकडे, म्हणजे या जेम्सकडे आली. त्यानं बॉइड हे आडनाव टाकलं, हेय घेतलं. म्हणजे 1758 पासून डायनापर्यंत एरलचे सगळे ‘हेय’ बापाकडून पाहिलं तर बॉइड आहेत. 1941 मध्ये गिल्बर्टनं आडनाव बदललं म्हणजे नवं काही घेतलं नाही, पावणेदोनशे वर्षांपूर्वी पणजोबा-खापरपणजोबांनी उतरवून ठेवलेलं परत चढवलं. आणि डायना मात्र हेयच राहिली, कारण किताब आणि घराण्याचं प्रमुखपद त्या नावाशी बांधलेलं.

मी या वंशावळी फुलस्केप कागदावर काढतो, रंगीत पेन्सिलींनी. रक्त तांबडं, किताब निळा, जमीनजुमला हिरवा. आडनाव साध्या शिसपेन्सिलीनं, कारण तेच सगळ्यात जास्त वेळा खोडावं लागतं. नवशिके लोक एकच रेघ ओढतात आणि चारही गोष्टी तिच्यावरून धावतात असं समजतात. एरलच्या कागदावर निळी रेघ सातशे वर्षांच्या पदाला धरून सरळ खाली येते. हिरवी रेघ 1916 मध्ये तुटते: त्या साली 20व्या अर्लनं ॲबरडीनशरच्या समुद्रकाठचा स्लेन्सचा वाडा विकला. पुढे 1925 मध्ये त्याचं छप्पर उतरवलं, आता नुसत्या भिंती उभ्या आहेत. म्हणजे जॉस्लिन मेला तेव्हा वाटणी करायची होती ती नावांचीच.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांतला फरक इथंच ध्यानात घ्यायला हवा. इंग्लंडमध्ये बहुतेक किताब पुरुषवंशाला. जुन्या काही बॅरनी राजाच्या बोलावण्यानं मिळालेल्या, त्यांना मुलगी चालते, पण दोन-तीन मुली असल्या की त्या सगळ्या सारख्याच वारस. मग किताब कोणालाच मिळत नाही, अधांतरी लोंबकळतो, कधीकधी शतकानुशतकं, एक सोडून बाकी शाखा संपेपर्यंत किंवा राजा कोणा एकाच्या नावे निकाल देईपर्यंत. स्कॉटलंडमध्ये हा घोळ नाही. मुलीला चालत असेल तर थोरल्या मुलीला, विषय संपला. 1963 साली पाचवा ड्यूक ऑफ सदरलंड निपुत्रिक गेला तेव्हा ड्यूकपद एका दूरच्या एगर्टन नातलगाकडे गेलं, तर सदरलंडची जुनी अर्लकी आणि डनरॉबिनचा वाडा पुतणीकडे. तिला हे ‘उरलंसुरलं’ मिळालं असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. अर्लकी मध्ययुगातली. ड्यूकपद 1833 सालचं, म्हणजे कालपरवाचं.

स्कॉटलंडमधली आणखी एक सोय कुठल्याही दिवाणी वकिलाच्या तोंडाला पाणी सुटावं अशी आहे. 1707 च्या इंग्लंड-स्कॉटलंड एकत्रीकरणाआधी किताबधारक आपला किताब राजाकडे परत करून, वारसांचा क्रम बदलून, पुन्हा लिहून घेऊ शकत असे. याचा सगळ्यात काळा उपयोग दुसऱ्या ड्यूक ऑफ क्वीन्सबेरीनं केला. त्याचा वारसपुत्र जेम्स वेडा होता, घरात कोंडून ठेवलेला. 1706 साली बापानं नवी सनद करून घेतली आणि त्याला ड्यूकपदातून वगळून धाकट्या मुलाला आणलं. एकत्रीकरणाच्या गदारोळात घरचे नोकर बाहेर पडले असताना याच जेम्सनं स्वयंपाकघरातल्या पोऱ्याला मारून भाजलं, अशी दंतकथा एडिंबरोत सांगतात. ती खरी मानायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. तारखा मात्र बघा: सनद आधीची, गोष्ट नंतरची. म्हणजे बापानं त्या प्रसंगामुळे त्याला वगळलं असं जे सांगितलं जातं, ते कागदावर टिकत नाही. क्वीन्सबेरी हाउस आता स्कॉटिश संसदेच्या आवारात आहे.

पण माझा सगळ्यात लाडका दावा वेगळाच. डग्लस खटला.

लेडी जेन डग्लस, ड्यूक ऑफ डग्लसची बहीण. 1746 साली तिनं कर्नल जॉन स्टुअर्ट या कफल्लक गृहस्थाशी गुपचूप लग्न केलं. 1748 च्या जुलैत, पॅरिसमध्ये, तिला जुळे मुलगे झाले असं नवराबायकोनं जाहीर केलं. त्या वेळी बाईंचं वय पन्नासच्या घरात. भाऊ भडकला आणि मुलं खोटी म्हणाला. 1753 मध्ये जुळ्यांतला एक, शोल्टो, गेला आणि त्याच वर्षी जेनही गेली. उरला आर्चिबाल्ड. ड्यूकला स्वतःचं मूल नव्हतं. 1761 साली मरायला टेकल्यावर, बायकोच्या सांगण्यावरून म्हणतात, त्यानं मन बदललं आणि सगळी मिळकत आर्चिबाल्डच्या नावे केली.

दुसऱ्या बाजूला हॅमिल्टनचा ड्यूक, सहा वर्षांचा पोर. आणि इथं माझ्या पेन्सिली पुन्हा कामाला लागतात: हे हॅमिल्टन बापाकडून मुळात डग्लसच. 1656 साली विल्यम डग्लसनं ॲन, डचेस ऑफ हॅमिल्टन हिच्याशी लग्न केलं आणि पुढची पिढी हॅमिल्टन झाली. म्हणून डग्लसचं मार्क्विसपद (ड्यूकच्या खालोखालचा किताब) पुरुषवंशानं बिनतक्रार या पोराकडे आलं. जमीन मात्र तेरा वर्षांच्या आर्चिबाल्डकडे. हॅमिल्टनच्या पालकांनी अँड्र्यू स्टुअर्ट या वकिलाला पॅरिसला धाडलं. तो पुरावा घेऊन आला तो असा, की ही मुलं विकत घेतलेली आहेत: एक काचकामगाराचं, एक दोरावरच्या कसरती करणाऱ्याचं. 1767 मध्ये एडिंबरोच्या कोर्ट ऑफ सेशननं निकाल दिला. पंधरा न्यायाधीश, आठ विरुद्ध सात, आर्चिबाल्ड हरला. अपील लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेलं आणि फेब्रुवारी 1769 मध्ये निकाल फिरला. त्याआधी अँड्र्यू स्टुअर्ट आणि विरुद्ध पक्षाचा वकील थर्लो यांची पिस्तुलांची झुंजही होऊन गेली होती. (आमच्या वेळी एवढं कोणी मनावर घेत नसे.) निकालाची बातमी आल्यावर एडिंबरोत लोकांनी घराघरांत दिवे लावले, आणि ज्या न्यायाधीशांनी विरुद्ध मत दिलं होतं त्यांच्या खिडक्यांची तावदानं फोडली. जेम्स बॉसवेल त्या जमावात होता म्हणतात. तो स्वतः वकील आणि कट्टर डग्लसवाला.

स्कॉटलंडमध्ये असले दावे इतके रंगतात याचं कारण तिथला विवाहाचा कायदा. 1940 पर्यंत दोघांनी साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवराबायको’ म्हटलं की लग्न पक्कं, पाद्री नको की नोंद नको. शिवाय मूल आधी झालं आणि आईबापांनी नंतर लग्न केलं तर ते औरस ठरायचं. इंग्लंडात ही सवलत 1926 पर्यंत नव्हती. त्यामुळे पन्नास वर्षांनी एखादी म्हातारी येऊन ‘माझं लग्न झालं होतं’ म्हणाली तर तिला हसून चालायचं नाही. त्याच्या उलट, 1855 पासूनची तिथली मृत्यूनोंद बघा: मयताच्या आईचं माहेरचं आडनावसुद्धा तिच्यात असतं. इंग्लंडच्या नोंदीत ते शोधत बसावं लागतं.

आणि कागद कितीही चोख असला तरी कोर्ट घोटाळा करू शकतं. अर्ल ऑफ मार 1866 मध्ये निपुत्रिक वारला. बहिणीचा मुलगा आणि पुरुषवंशातला अर्ल ऑफ केली, दोघंही दावेदार. 1875 मध्ये लॉर्ड्सनी केलीच्या बाजूनं कौल दिला, कारण त्यांच्या मते हा किताब 1565 सालचा नवा आणि फक्त पुरुषवंशाचा. यावर इतकी बोंब झाली की 1885 मध्ये संसदेनं कायदाच करून जुनी अर्लकी भाच्याला बहाल केली, पण आधीचा निकाल रद्द केला नाही. तेव्हापासून मारच्या दोन अर्लक्या आहेत.

हल्ली यात डीएनए आलंय. स्टिचिलच्या प्रिंगल घराण्याचा बॅरोनेट, म्हणजे पिढीजात ‘सर’, हा किताब 1683 सालचा. 10वे बॅरोनेट सर स्टुअर्ट यांनी कुळाच्या संशोधनासाठी स्वतःचा नमुना दिला होता. त्यातून निघालं, की त्यांचे आजोबा म्हणवणारे 8वे बॅरोनेट हे 9व्यांचे खरे वडील नव्हते. प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीनं 2016 मध्ये तो पुरावा ग्राह्य धरला आणि किताब दुसऱ्या शाखेला दिला. जवळजवळ शतकभराची वहिवाट कामी आली नाही. मुदतीचा मुद्दा उपस्थित झाला होता, तोही टिकला नाही. मला हे पटत नाही. किताबाच्या मागे आता जमीन नाही, लॉर्ड्समधली जागा तर कधीच नव्हती, मग 9व्यांच्या मेलेल्या आईच्या प्रतिज्ञापत्राची इतक्या वर्षांनी उलटतपासणी करून काय साधलं?

मला साहजिकच विचारतात, की मग डग्लसचंही एकदा तपासून का टाकत नाहीत. बापाकडून मुलाकडे जाणारा धागा तिथं संपलाय: आर्चिबाल्ड 1790 मध्ये बॅरन डग्लस झाला, त्याचे तीन मुलगे एकामागोमाग बॅरन झाले, तिघेही निपुत्रिक, 1857 साली किताबच संपला. आईकडून येणारा धागा पुरुष पुढे देऊ शकत नाही, तो आर्चिबाल्डबरोबरच गेला. जमीन लेकीच्या लेकीकरवी ह्यूम घराण्यात गेली आणि त्यांचा ॲलेक डग्लस-ह्यूम 1963 मध्ये पंतप्रधान झाला आणि त्यानं अर्लकी सोडली. आता खात्री करायची तर थडगं उकरायचं. त्याला कुठलं कोर्ट परवानगी देईल असं मला वाटत नाही, आणि अर्ज करणार कोण? हॅमिल्टननी मार्क्विसपद तर 1761 मध्येच घेतलं होतं.