खाऊन बघ

कोरियन क्रियापदांसाठी मी दोनशे पानी वही घातली, तेव्हा आई म्हणाली, "आता या वयात कसले पाढे?" पाढेच होते ते. कोशातलं प्रत्येक क्रियापद ‘दा’ने संपतं, आपलं ‘णे’ने संपतं तसं. गादा म्हणजे जाणे. मॉक्ता म्हणजे खाणे. इथे आधीच्या क्‌मुळे ‘दा’चा ‘ता’ ऐकू येतो. हा ‘दा’ काढायचा आणि धातूला शेपूट लावायचं. धातूतला शेवटचा स्वर आ किंवा ओ असेल तर ‘आयो’, नाहीतर बहुतेकदा ‘ऑयो’.

गादाचं झालं गायो. मी जातो, ती जाते, ते जातात, सगळ्यांना मिळून एक गायो! लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. शाळेत व्याकरणाच्या तासाला उभं राहिलेल्या माणसाला याहून सुख ते काय? ते सुख आठवडाभर टिकलं. मित्राशी बोलताना नुसतं ‘गा’, परक्याशी ‘गायो’, बातम्यांत किंवा सभेत ‘गाम्निदा’. शिवाय जाणारे आजोबा असतील तर पोटात एक ‘शि’ घालायचा. आपलं क्रियापद विचारतं, कोण जातंय? त्यांचं विचारतं, बोलतोयस कोणाशी?

माझं पुस्तक इंग्रजीतून होतं, आणि माझी अर्धी मेहनत त्यातच वाया गेली. एक अख्खा धडा होता ‘मॉगॉ बोदा’वर. बोदा म्हणजे बघणे; पण खाणे आणि बघणे जोडले की प्रयत्नाचा अर्थ कसा येतो, हे समजावताना लेखकाला घाम फुटला होता. मी दोनदा वाचलं, तक्ता काढला आणि मग लक्षात आलं, अरे, हे तर ‘खाऊन बघ’! पुढचा धडा ‘मॉगॉ बॉरिदा’. बॉरिदा म्हणजे टाकणे, फेकणे. खाऊन टाकलं! करून दे, करून ठेव, हेही तिथे तसंच. त्यानंतर मी इंग्रजीचा वळसा सोडला आणि वहीत थेट मराठी लिहू लागलो. ‘ऑप्ता’समोर एकच शब्द लिहिला, नसणे. कोरियन माणूस शिव्यासुद्धा खातो, आपल्यासारख्याच. वर वयही खातो. वाढदिवसाला आपण नुसता केक खातो.

कपड्यांच्या बाबतीतही मी घाबरलो नाही. अंगातल्या कपड्यांना इप्ता, पायातल्या बुटांना शिन्ता, टोपी-चष्म्याला स्सुदा, अंगठीला क्किदा. साडी नेसणाऱ्या, गजरा माळणाऱ्या आणि शाल पांघरणाऱ्या भाषेतून आलेल्याने तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

तक्रार आहे ती दुत्ताबद्दल. दुत्ता म्हणजे ऐकणे, दात्ता म्हणजे दार वगैरे लावणे. दिसायला जुळे भाऊ. पण दात्ताचं सरळ दादायो होतं आणि दुत्ताचं दुरॉयो. त्‌चा र कुठून उगवला, ते विचारायचं नाही. ‘ठाऊक नसणे’ला मात्र मोरुदा असं स्वतंत्र क्रियापद आहे. त्याचं मोल्लायो हे रूप मला आता झोपेतही येतं, कारण शिकवणीत सगळ्यात जास्त वेळा तेच वापरावं लागतं.

परवा आई कोरियन मालिका बघत होती. पडद्यावरची अक्षरं भराभर पळतात, म्हणून मला शेजारी बसवलेलं. मालिकेतली आई फोनवर कोणाला तरी म्हणाली, "बाप मॉगॉस्सॉ?"

आई दचकली. "बापाचं काय झालं?"

"बाप म्हणजे भात, जेवण. ती विचारतेय, जेवलास का?"

"मुलाला की मुलीला? हिला दोन्ही आहेत."

मी थांबलो. फोनच्या पलीकडचा आवाज ऐकू येत नव्हता आणि क्रियापद काही सांगत नव्हतं. "ते कळत नाही त्यात," मी म्हणालो.

"मग ‘जेवण झालं का’ म्हण की," आई म्हणाली आणि आवाज वाढवला.

वहीत ते तसंच लिहून घेतलं.