मग शंभर वर्षं का लागली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कॉलेजात इतिहास शिकवायचो तेव्हा अमेरिकेचं यादवी युद्ध आलं की दरवर्षी कुणीतरी हात वर करायचंच. "सर, गुलामगिरी 1865 ला संपली ना? मग कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या कायद्याला 1965 का उजाडलं?" परवा एका लग्नाच्या पंगतीत जुन्या विद्यार्थ्यानं तोच प्रश्न पुन्हा टाकला. मठ्ठा आला तरी माझं उत्तर संपलं नव्हतं.

गफलत प्रश्नातच आहे. हक्क उशिरा मिळाले नाहीत. ते लगेच मिळाले होते, मग हिसकावून घेतले गेले.

मी सुरुवात जमिनीपासून करतो. 12 जानेवारी 1865, युद्ध अजून संपायचं होतं. जॉर्जियातल्या सव्हाना शहरात उत्तरेच्या फौजेचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावलं आणि विचारलं, स्वतःच्या पायावर उभं राहायला तुम्हाला काय लागेल? सगळ्यांच्या वतीनं बोलले गॅरिसन फ्रेझर, वय 67. आठ वर्षांपूर्वी या गृहस्थांनी हजार डॉलर सोन्याचांदीत मोजून स्वतःला आणि बायकोला विकत घेतलं होतं. 'स्वतःला विकत घेतलं' हे वर्गात म्हटलं की मागच्या बाकावरची कुजबुजही थांबायची. फ्रेझर म्हणाले, जमीन द्या. आमच्या मेहनतीनं कसू, आणि ऐपत आली की विकत घेऊ. फुकट काही मागितलं नव्हतं.

चार दिवसांत शर्मनचा हुकूम निघाला. चार्ल्सटनपासून फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्यावर मालकांनी पळून जाताना सोडलेली जमीन, कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत. काही महिन्यांत सुमारे 40,000 माणसं तिथं वसली.

एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा खून झाला. त्यांच्या जागी आलेले अँड्र्यू जॉन्सन दक्षिणेतल्या बंडखोरांना, म्हणजे गुलामगिरी टिकवायला देशातून फुटून लढलेल्यांना, माफीपत्रं वाटत सुटले, आणि माफीबरोबर जमीनही परत जाऊ लागली. ऑक्टोबरात जनरल हॉवर्ड त्याच किनाऱ्यालगतच्या एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये हे सांगायला गेले. मुक्त झालेल्यांसाठीचं सरकारी खातं त्यांच्याकडे होतं. उजवा हात लढाईत गेलेला. आधीच्या मालकांना क्षमा करा, असं त्यांचं म्हणणं. गलका इतका झाला की त्यांना बोलता येईना. मग एका बाईनं दुःखाचं भजन धरलं तेव्हा कुठं सभा शांत झाली. त्यानंतर बेटावरच्या लोकांनी त्यांना जे पत्र लिहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही. आशय असा: तुमचा एक हात गेला, तुम्ही कदाचित क्षमा कराल. पण ज्यानं मला झाडाला बांधून 39 फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून झोडपलं, आणि जो आजही त्याच्या रिकाम्या खोपटात मला राहू देत नाही, त्याचीच लावणी त्यानं ठरवलेल्या भावात केली तरच राहू देतो, त्याला क्षमा करणं मला जमायचं नाही.

उपयोग झाला नाही. बहुतेक जमीन परत गेली.

पुढचं सांगायला मला पुस्तक लागायचं नाही. जमीन मालकाची, कसणारा वाट्यानं. बी, अवजारं, पीठमीठ मालकाच्या किंवा व्यापाऱ्याच्या दुकानातून उधार, आणि कापूस विकला गेला की हिशेब त्याच्याच वहीत. माझ्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं असायची. 'उचल' हा शब्द फळ्यावर लिहिला की ती एकमेकांकडे बघायची.

पण हक्कांची गोष्ट इथं संपत नाही. 1867 मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, जॉन्सनना न जुमानता दक्षिणेतली दहा राज्यं लष्करी देखरेखीखाली घेतली आणि काल परवापर्यंत गुलाम असलेले पुरुष मतदार झाले. 1868 ला नागरिकत्वाची घटनादुरुस्ती, 1870 ला मताधिकाराची. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ सेनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, गेले. रॉबर्ट स्मॉल्स गुलाम असताना बंडखोरांचं जहाज पळवून घेऊन गेले होते. पुढे ते काँग्रेसमध्ये निवडून आले, आणि ज्या घराच्या मागच्या खोपीत जन्मले ते मालकाचं घर त्यांनी विकत घेतलं. बायकांना मात्र, गोऱ्या असोत की काळ्या, मत नव्हतंच.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात कचेरी राखायला जमलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीनं हल्ला केला. कितीतरी जणांना शरण आल्यावर मारलं. 1876 ला सुप्रीम कोर्टानं आरोपींना मोकळं सोडलं: घटनादुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खाजगी माणसांना नाही. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेबद्दल मला तेव्हाही आदर होता, आजही आहे. मी दोन्ही गोष्टी एकाच तासाला शिकवायचो, इतकंच.

1877 ला अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीत तडजोड झाली आणि उरलेलं केंद्रीय सैन्य बराकीत परतलं. घटनादुरुस्त्या कुणी रद्द केल्या नाहीत, गरजच नव्हती. दक्षिणेतल्या राज्यांनी मतदानावर कर लावला, वाचता येतं का याची परीक्षा ठेवली, आणि 1898 मध्ये लुइझियानानं तर असं कलम केलं की 1867 आधी ज्याच्या बापाला किंवा आजाला मत होतं, त्याला यातून सूट.

इथं मी फळ्यावर लुइझियानातल्या नोंदलेल्या कृष्णवर्णीय मतदारांचे दोन आकडे लिहायचो. 1896: 1,30,334. 1904: 1,342.

एका वर्षी पुढच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "सर, खालच्या आकड्यात दोन शून्यं राहिली."

मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "नाही, बरोबर आहे. उतरवून घे."