तुम्ही विचारलंत म्हणून : बघून काढलेलं चित्र

"सर, पोरांना नुसतं बघून काढायला का लावता? स्वतःचं कधी काढणार?" दर जूनला कुणीतरी पालक हे विचारतातच.

मी कपाटातून एक प्रिंट काढतो. चार घोडेस्वार निशाणाच्या काठीसाठी झुंजताहेत, घोड्यांचे पुढचे पाय एकमेकांत अडकलेत, खाली दोघं एकमेकांच्या उरावर. लिओनार्दोची 'आंगियारीची लढाई'. म्हणजे, त्याच्या हातची नव्हे, रुबेन्स या फ्लेमिश चित्रकाराच्या हातची. फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियोत 1505 च्या सुमारास त्याने ती भिंतीवर रंगवायला घेतली, रंगांचा प्रयोग फसला, काम अर्धवट टाकून गडी निघून गेला. 1560 च्या दशकात त्याच दालनात वासारी या चित्रकाराने आपल्या लढाया रंगवल्या. रुबेन्स जन्मला 1577 साली. मूळ भिंत बघणं त्याच्या नशिबातच नव्हतं. त्याच्या हाती आलं ते कुणा अनामिकाचं नकललेलं रेखाटन. त्यावरच त्याने शाई, वॉश म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचे हात, पांढरा रंग चढवला, कडेला कागद जोडून जागा वाढवली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे तो हा कागद. नकलेवरची नक्कल!

मी ती तीनदा बघून काढलीय. डावीकडच्या स्वाराचं धड ओल्या धोतरासारखं पिळलेलं आहे. पहिल्यांदा माझ्या हाताने ते परस्पर सरळ करून टाकलं, मला पत्ताही नाही. तिसऱ्यांदा पीळ बसला, तेव्हा कुठे घोडा वळला. रुबेन्सने पुढे रंगवलेल्या सिंहाच्या शिकारी बघा, माणसं, घोडे, जनावरं सगळ्यांची अशीच एक गाठ.

आणि हे काही युरोपापुरतं नाही. 1580 मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे गेले, ते अँटवर्पला छापलेलं सचित्र बायबल घेऊन. असल्या छापचित्रांवर मुघल चित्रकार तुटून पडले. जर्मन चित्रकार ड्यूररच्या 1511 च्या, क्रुसावरच्या येशूच्या छापातून अबुल हसन या मुघल चित्रकाराने एकटा सेंट जॉन, येशूचा शिष्य, उचलला. क्रूस नाही, येशू नाही, मेरी नाही. गुंफलेले हात आणि झग्याच्या चुण्या तेवढ्या घेतल्या. पुढे जहांगीरने त्याला 'नादिर-उज-जमान' हा किताब दिला, पण ते फार नंतर. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयातल्या त्या 1600 सालच्या रेखाटनावर त्याचं वय लिहिलंय : तेरा.

माझी पोरंही त्याच वयाची. चुण्या सगळीच चुकवतात.